सत्तेचाळीसाव्या वर्षी आयटीत नोकरी शोधणं : साताऱ्यातलं एक प्रकरण

हे प्रकरण आमच्या दाजींचं आहे. त्यांना विचारूनच लिहितोय. त्यांनी एवढंच सांगितलं की माझं नाव नको, कुठल्या कंपनीचंही नको, बाकी सगळं लिही, पगाराच्या आकड्यासकट लिही, कारण आकडे नसले की लोक म्हणतात याचंच काहीतरी चुकलं असणार. मी स्वतः पुण्यात एका मध्यम कंपनीत रिक्रूटमेंट बघतो, म्हणजे रेझ्युमे कसे निवडले जातात आणि कुठे गळतात हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे घरातलं आणि ऑफिसातलं दोन्ही इथे येईल.

दाजी मूळचे कोरेगाव तालुक्यातले, घर साताऱ्यात गोडोलीला. १९९९ ला कराडच्या गव्हर्नमेंट इंजिनिअरिंगमधून मेकॅनिकल केलं, मग त्या काळच्या कित्येक मेकॅनिकल-इलेक्ट्रिकलवाल्या पोरांसारखं पुण्यात सीडॅक या सरकारी संगणक संस्थेचा सहा महिन्यांचा कोर्स केला आणि २००० मध्ये सॉफ्टवेअरमध्ये लागले. लागल्या लागल्या डॉटकॉमची मंदी आली, बॅचमधले अर्धे घरी बसले, हे टिकले. तिथून २०२४ पर्यंत चोवीस वर्षं, तीन कंपन्या, आणि सगळा वेळ जावा या प्रोग्रामिंग भाषेत. जुन्या सर्व्हलेटपासून आताच्या स्प्रिंग बूटपर्यंत जावाची सगळी तंत्रं हाताने लिहिलेली. शेवटच्या कंपनीत अकरा वर्षं, क्लायंट अमेरिकेतली एक इन्शुरन्स कंपनी, काम क्लेम सेटलमेंटचं, म्हणजे माणसाचा क्लेम मंजूर झाला की पैसे बरोबर माणसाला, बरोबर रकमेत आणि एकदाच गेले पाहिजेत. पद टेक्निकल आर्किटेक्ट, सीटीसी, म्हणजे वर्षाचं एकूण पॅकेज, ३४ लाख.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढे तिचा संबंध येतो. २०१२ च्या सुमारास, आधीच्या कंपनीत असताना, त्यांना मॅनेजर व्हायची ऑफर होती, वीस-बावीस जणांची टीम. त्यांनी नको म्हणून सांगितलं. ताई तेव्हा चिडली होती. आपल्याकडे लग्नाकार्यात, जत्रेला गावी गेलं की पाव्हणे पहिलं विचारतात हाताखाली किती माणसं आहेत, आणि पस्तिशीतला माणूस "मी कोड लिहितो" म्हणाला की समोरचा जरा थांबतो, मग म्हणतो, म्हणजे अजून तेच? दाजींना कोडच लिहायचा होता. त्यांनी लिहिला.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये सगळे साताऱ्याला आले, आई-वडील इथेच होते, मुलीला इथल्या शाळेत घातलं. २०२३ ला कंपनीने आठवड्यात तीन दिवस ऑफिस सक्तीचं केलं तेव्हा दाजींनी वाकडला कॉट बेसिसवर जागा घेतली, मंगळवारी पहाटे बॉम्बे रेस्टॉरंट चौकातून गाडी पकडायची आणि गुरुवारी रात्री खंबाटकी ओलांडून परत. सत्तेचाळीसाव्या वर्षी पंचवीस वर्षांच्या पोरांबरोबर रूम शेअर करत होते, तक्रार नव्हती.

ऑगस्ट २०२४ मध्ये टीम्सवर मीटिंग लागली, विषय फक्त "कनेक्ट". एचआरची एक मुलगी आणि एक माणूस ज्याला दाजींनी आधी कधी बघितलंच नव्हतं. क्लायंटने व्हेंडरचं बजेट कापलंय, तुमचा रोल राहत नाहीये, आज संध्याकाळपर्यंत पोर्टलवर राजीनामा टाकलात तर दोन महिन्यांचा बेसिक आणि स्वच्छ रिलीव्हिंग लेटर मिळेल, नाही टाकलात तर टर्मिनेशन करावं लागेल आणि ते पुढच्या व्हेरिफिकेशनमध्ये दिसेल. मीटिंग पंधरा मिनिटांची पण नव्हती. त्यांनी राजीनामा टाकला. घरचं कर्ज, अकरावीतली मुलगी आणि रेकॉर्डवर टर्मिनेशन, या तिन्हीचा हिशेब एका दुपारी करायला लावल्यावर माणूस दुसरं काय करणार.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो, कारण हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. तेव्हा लागू असलेल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात, कलम २५ एफ प्रमाणे, कामगाराला कमी करायचं तर एक महिन्याची नोटीस आणि पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षासाठी पंधरा दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागायचा. पण हे मालकाने कमी केलं तर. स्वतःहून राजीनामा दिला की विषयच मिटला, आणि म्हणून तर तो राजीनामा मागतात. दुसरं घोडं अडतं ते "कामगार" कोणाला म्हणायचं तिथे. साताऱ्यातल्या एका वकिलांनी दाजींना समजावून सांगितलं की कोर्ट पदाचं नाव बघत नाही, प्रत्यक्ष काम बघतं, म्हणजे आर्किटेक्ट लिहिलेलं असलं तरी रोजचं काम कोड लिहायचं असेल तर भांडायला जागा आहे, पण राजीनाम्यावर सही तुमचीच, ती जबरदस्तीने घेतली हे सिद्ध करायचं काम पण तुमचंच. दाजी भांडले नाहीत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात, त्यात पंधरा दिवसांचा हिशेब तसाच आहे आणि वर कमी केलेल्या कामगारासाठी पुन्हा शिकण्याचा निधी म्हणून आणखी पंधरा दिवसांचा पगार आहे, पण राजीनामा दिलेल्याला तिथेही काही नाही. ग्रॅच्युइटी मात्र हक्काची, ती कुणी अडवू शकलं नाही, बेसिक १ लाख ५ हजार, त्याला पंधराने गुणून सव्वीसने भागायचं आणि गुणिले अकरा वर्षं, ६ लाख ६६ हजार आले.

पगार थांबण्याआधी एक वेगळाच फटका बसला. आई चौऱ्याहत्तर वर्षांच्या, शुगर आहे, अँजिओप्लास्टी झालेली. त्यांचं मेडिक्लेम कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत होतं आणि ते शेवटच्या दिवशी रात्री बारा वाजता संपलं. विमा नियामकाने १ एप्रिल २०२४ पासून पॉलिसी विकत घ्यायला असलेली पासष्ट वर्षांची अट काढून टाकलीय, त्यामुळे नवीन पॉलिसी मिळाली, हप्ता जड आहे आणि जुन्या आजारांना थांबायचा काळ आहे, पण मिळाली. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला विमा कंपनी दार उघडते आणि तिच्या सत्तेचाळीस वर्षांच्या मुलाला सॉफ्टवेअर कंपनी उघडत नाही, हे मला अजूनही पचत नाही.

आता नोकरी शोधण्याचा भाग, खरं प्रकरण हेच आहे.

पहिले तीन महिने अक्षरशः शांतता. दाजी रोज सकाळी वर माडीवरच्या खोलीत बसून अर्ज टाकायचे, शंभराच्या वर गेले असतील, एक फोन नाही. नकार आला असता तरी बरं वाटलं असतं, नकारही नाही. ताईला वाटायला लागलं की यांच्या रेझ्युमेतच खोट आहे. मी एका रविवारी माझ्या लॅपटॉपवर रिक्रूटरचं अकाउंट उघडून दोघांना दाखवलं की माझ्यासारख्या माणसाला समोर काय दिसतं. नोकरीच्या पोर्टलवर आम्ही अर्जांची वाट कमीच बघतो, आम्ही डेटाबेसमध्ये सर्च मारतो. वर कीवर्ड टाकायचा, जावा, स्प्रिंग बूट, मायक्रोसर्व्हिसेस. खाली अनुभव, किमान आणि कमाल असे दोन रकाने. मग सध्याचा पगार, किमान आणि कमाल. मग नोटीस पिरियड, मग शेवटचं लॉगिन कधी केलं होतं. हायरिंग मॅनेजर मला मेलमध्ये लिहून देतो "सहा ते दहा वर्षं, बजेट बावीस". मी सहा आणि दहा टाकतो, बावीस टाकतो, एंटर मारतो, आणि दाजी त्या यादीत नसतातच. पाचशेव्या नंबरला पण नसतात. त्यांचा रेझ्युमे कुणी वाचून बाजूला ठेवला असं काही झालेलंच नाही, तो कुणाच्या समोर आलाच नाही. मी कमाल दहाच्या जागी पंचवीस केलं आणि पगाराचा रकाना रिकामा सोडला, तर दाजी पहिल्या पानावर आले. ताई बराच वेळ त्या स्क्रीनकडे बघत होती.

तर कमाल अनुभवाचा रकाना हा आपल्याकडचा वयाचा रकाना आहे. जाहिरातीत "वय ३५ पर्यंत" लिहिलं तर लोक बोट दाखवतील, "अनुभव ६ ते १०" लिहिलं की सगळ्यांना ती तांत्रिक अट वाटते. किमान अनुभव मी समजू शकतो, कामाला तेवढी तयारी लागते. पण कमाल कशासाठी? अकराव्या वर्षी माणूस स्प्रिंग बूट विसरतो का?

मॅनेजर लोकांचं उत्तर तयार असतं, पैसे. आणि ते अगदीच खोटं नाहीये, म्हणून नीट मांडतो. आपल्या सर्व्हिस कंपन्यांचं सगळं गणित पिरॅमिडवर उभं आहे, खाली साडेतीन लाखाच्या आसपास घेतलेले भरपूर फ्रेशर, मध्ये थोडे, वर अगदी मोजके. क्लायंट तासाला पैसे देतो. समजा रेट तासाला पंचवीस डॉलर, महिन्याला एकशे साठ तास, म्हणजे चार हजार डॉलर, पंच्याऐंशीच्या भावाने ३ लाख ४० हजार रुपये. चौदा लाखाच्या सीटीसीचा माणूस महिन्याला १ लाख १७ हजाराला पडतो, चौतीस लाखाचा २ लाख ८३ हजाराला, आणि वर जागा, लॅपटॉप, काम नसताना बसून असलेल्या माणसांचा खर्च वेगळा. क्लायंटचा रेट दोघांसाठी तोच असेल तर दुसऱ्या माणसात कंपनीला काहीच उरत नाही. २०२५ च्या जुलैमध्ये टीसीएसने साधारण बारा हजार लोक, म्हणजे दोन टक्के, कमी करणार म्हणून जाहीर केलं तेव्हा त्यांनीच सांगितलं होतं की यात मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतले असतील. त्यामागे बाकीची कारणं असतीलही, पण पिरॅमिड कापताना सुरी वरूनच का चालते हे या गणितातून कळतं.

पण हे गणित खरं मानलं तर त्याचा अर्थ असा होतो की माणसाने स्वतःचा भाव कमी केला की अडचण संपायला पाहिजे. दाजींनी नेमकं तेच केलं. डिसेंबरमध्ये त्यांनी अपेक्षित पगार १८ लाख लिहिला, जवळपास निम्मा. साताऱ्यात स्वतःचं घर, कर्ज थोडं राहिलेलं, १८ मध्ये त्यांचं भागत होतं, आणि हे ते मनापासून म्हणत होते. मी माझ्या ओळखीच्या रिक्रूटरांकडे थेट रेझ्युमे पाठवले, म्हणजे फिल्टरचा प्रश्नच नाही, माणसाच्या हातात रेझ्युमे, बजेटमध्ये बसणारा. तरी गाडी हलेना. आणि आता कारणं वेगळी यायला लागली. चौतीसवरून अठरा का, काहीतरी लफडं असणार. घेतला तर सहा महिन्यांत चांगलं मिळालं की जाईल. ओव्हरक्वालिफाइड आहेत. आमची टीम यंग आहे. बत्तीस वर्षांच्या लीडला रिपोर्ट करतील का? हा शेवटचा प्रश्न तर एका फोनवर दाजींना सरळ विचारला, की तुमचा मॅनेजर तुमच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान असेल, चालेल का. दाजी म्हणाले, गेली सात वर्षं माझा मॅनेजर माझ्याहून लहानच होता, अजून तरी काही अडलं नाही. पुढचा फोन आला नाही.

माझं म्हणणं सगळं या एका जागेवर उभं आहे. पैशाचं कारण जोपर्यंत चालतं तोपर्यंत सगळे पैशाचं कारण देतात, ते काढून घेतलं की दुसरं येतं, तेही काढलं की तिसरं, आणि सगळी काढून झाल्यावर खाली जे उरतं ते वय. पंचवीस वर्षांचं पोरगं पण सहा महिन्यांत सोडून जातं, उलट तेच जास्त जातं, पण त्याला कुणी "तू जाशील" म्हणून नाकारत नाही.

जानेवारीत रेझ्युमे बदलला. पासिंगचं वर्ष काढलं, २०१० च्या आधीचं सगळं एका ओळीत गुंडाळलं, वर "१२+ वर्षे" लिहिलं. दाजींना ते बरोबर वाटत नव्हतं, खोटं नाहीये पण खरंही पूर्ण नाहीये असं म्हणाले. पुढे व्हेरिफिकेशनच्या फॉर्ममध्ये सगळं भरायचंच असतं, लपवायचं काही नव्हतं, फक्त आधी कुणीतरी माणूस म्हणून बघावं एवढंच. आणि फोन यायला लागले. आठवड्याला एक-दोन. माणूस तोच, काम तेच, दोन ओळी कमी.

त्यातला एक इंटरव्ह्यू मी त्यांच्या शेजारच्याच खोलीत बसून ऐकला, दार उघडं होतं. दोघं जण होते समोर, आवाजावरून तिशीच्या आतले. आधी एक कोडं दिलं, अ‍ॅरेमधून काहीतरी सगळ्यात लांब सलग भाग शोधायचा, चाळीस मिनिटं. दाजींनी आधी साधा, हळू चालणारा उपाय लिहिला, मग थोडा इशारा मिळाल्यावर वेगवान केला, वेळ जवळपास संपला. कॉलेजातून नुकतंच निघालेलं पोरगं, ज्याने वर्षभर हीच कोडी सोडवलीत, ते दहा मिनिटांत करेल. मग डिझाइनचा प्रश्न आला, ऑनलाइन पेमेंटची सर्व्हिस मांडून दाखवा. आणि दाजींचा आवाजच बदलला. त्यांनी पहिलं विचारलं, गेटवेकडून टाइमआउट आला, म्हणजे पैसे पुढे पाठवणाऱ्या यंत्रणेचं उत्तर वेळेत आलंच नाही, तर पैसे गेले की नाही हे आपल्याला कसं कळणार? आपण परत पाठवले आणि पहिलेही गेले असतील तर? २०१६ ला त्यांच्या क्लायंटकडे एका रात्री सर्व्हर बंद पडून काम दुसऱ्या सर्व्हरवर गेलं आणि सेटलमेंटची बॅच, म्हणजे एकगठ्ठा पैसे पाठवायचं काम, दोनदा चाललं होतं, काही लोकांना क्लेमचे पैसे दोनदा गेले, ते वसूल करायला कितीतरी महिने लागले. त्यानंतर प्रत्येक पेमेंटला आपल्याच बाजूला आधी एक युनिक नंबर द्यायचा, टेबलमध्येच बंधन घालायचं म्हणजे दुसऱ्यांदा घालायला गेलं तर डेटाबेसच नाही म्हणेल, हे दाजींनी स्वतः बसवलेलं. ते हे सांगायला लागले तर समोरचा म्हणाला, ते नंतर बघू, आधी आकृतीतले बॉक्स काढून घ्या. बॉक्स काढले, वेळ संपला, ते नंतर बघू कधी आलंच नाही.

त्या कंपनीतल्या एचआरला मी ओळखत होतो म्हणून फीडबॅक कळला. "फंडामेंटल्स पक्के आहेत, पण टीमच्या एनर्जीत बसतील असं वाटत नाही." पैशांच्या व्यवहारांचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी, आणि पैसे दोनदा जाऊ नयेत हे ज्याला पाठ आहे तो माणूस एनर्जीत बसत नाही.

आता याच्या शेजारी अमेरिका ठेवून बघा. दाजींच्या क्लायंटकडे त्यांच्याच सिस्टीमवर काम करणारा एक छप्पन वर्षांचा डेव्हलपर होता, त्याची नोकरी राहिली. त्याला १९६७ सालच्या कायद्याचं संरक्षण आहे, चाळीस आणि त्यापुढच्या माणसाला घेताना, काढताना, पगार ठरवताना वयावरून भेदभाव करायचा नाही असा तो कायदा आहे. म्हणजे तिथे सगळं आलबेल आहे असं अजिबात नाही. आयबीएमने पाच वर्षांत चाळिशीपुढचे अंदाजे वीस हजारांहून जास्त अमेरिकन कर्मचारी कमी केले असं प्रोपब्लिका या अमेरिकी वृत्तसंस्थेने २०१८ मध्ये हिशेब मांडून दाखवलं, आणि २०२२ मध्ये कोर्टात जे मेल उघडे पडले त्यात तिथले वरिष्ठ लोक वयस्कर कर्मचाऱ्यांना "डायनोबेबीज" म्हणत होते, कंपनीने पद्धतशीर भेदभाव केल्याचं नाकारलं ते वेगळं. गुगलने २०१९ मध्ये चाळिशीपुढच्या दोनशेहून जास्त अर्जदारांचा दावा १ कोटी १० लाख डॉलर देऊन मिटवला, चूक मान्य न करता. आणि आमच्या प्रकरणाशी सगळ्यात जवळचं म्हणजे आयट्यूटरग्रुप, ऑनलाइन शिकवण्या घेणारी कंपनी, त्यांच्या अर्ज चाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पंचावन्न आणि पुढच्या बायका आणि साठ आणि पुढचे पुरुष आपोआप बाद होत होते. उघडकीला कसं आलं, तर एका उमेदवाराने तोच अर्ज फक्त जन्मतारीख अलीकडची टाकून परत पाठवला आणि इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं. २०२३ मध्ये त्यांना ३ लाख ६५ हजार डॉलर भरावे लागले. वर्कडे या भरतीचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीच्या चाळणीवर पण चाळिशीपुढच्या अर्जदारांचा खटला चालू आहे, मे २०२५ मध्ये कोर्टाने तो सामूहिक पद्धतीने पुढे जायला परवानगी दिली.

आपल्याकडे दाजींनी दोन ओळी काढल्यावर फोन यायला लागले हा अगदी त्याच जातीचा पुरावा आहे, पण तो घेऊन जायचं कुठे? घटनेच्या कलम १५ आणि १६ मध्ये धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान आहे, वय नाही, आणि खाजगी कंपनीने वयावरून नाकारलं तर दाद मागायला तसा स्वतंत्र कायदाच नाही. जपानने २००७ मध्ये भरतीच्या जाहिरातीत वयाची अट घालायला बंदी केली, काही अपवाद सोडून. ब्रिटनमध्ये नोकरीत वयावरून भेदभाव करायला २००६ पासून बंदी आहे. म्हणजे क्लायंटच्या देशात जो प्रश्न विचारला तर खटला होऊ शकतो तो साताऱ्यातल्या माणसाला फोनवर बिनधास्त विचारता येतो, त्याच क्लायंटच्या कामासाठी.

दुसरी बाजू मी रोज बघतो, तीही लिहितो. अठरा-वीस वर्षांच्या अनुभवाचे बरेच रेझ्युमे खरोखर पोकळ असतात. स्टेकहोल्डर मॅनेजमेंट, डिलिव्हरी, एस्कलेशन, आणि शेवटची कोडची ओळ २०११ ला लिहिलेली. त्यांना डेव्हलपरच्या जागी घेता येत नाही हे मान्य. पण त्यांना तिकडे ढकललं कुणी? आठ-दहा वर्षांनंतर पगार वाढवायचा तर कोड सोडून माणसं सांभाळा हा जिना कंपन्यांनीच बांधला, घरच्यांनी आणि गावाने त्यालाच प्रगती म्हटलं, आणि पंचेचाळिशीला तोच उद्योग सांगतो की तुम्ही हँड्स-ऑन नाही. आणि दाजींसारखा जो जिना चढलाच नाही, त्याला त्याच पोकळ रेझ्युमेंच्या ढिगात टाकून देतात कारण अनुभवाचा आकडा सारखा दिसतो. वय बघून काम ओळखायला गेलं की दोन्हीकडून फसगत होते.

मे २०२५ मध्ये गाडं हललं ते पोर्टलवरून नाही. दाजींचा एक जुना सहकारी पुण्यात एका कर्ज देणाऱ्या कंपनीत आहे. तिथे ग्राहकांच्या खात्यातून ईएमआय अधूनमधून दोनदा कापला जात होता, रोज नाही, महिन्यातून एखाद-दोन दिवस, आणि लोक शाखेत येऊन भांडत होते. त्यांच्या टीमला आठ-नऊ महिने सापडत नव्हतं. दाजींना दोन दिवसांसाठी बोलावलं. पहिल्या दिवशी त्यांनी कोड उघडलाच नाही, फक्त ज्या दिवशी गडबड झाली त्या दिवसांच्या तारखा आणि नॅचच्या, म्हणजे बँक खात्यातून हप्ते आपोआप कापणाऱ्या यंत्रणेच्या, रिस्पॉन्स फाइल किती वाजता आल्या ते वहीत लिहून काढलं. गडबड झालेल्या प्रत्येक दिवशी फाइल उशिरा आली होती. कोडमध्ये ठरलेल्या वेळेपर्यंत उत्तर आलं नाही तर तो हप्ता फेल धरून पुन्हा पाठवायच्या यादीत जात होता, मागून आलेली फाइल पहिला हप्ता यशस्वी दाखवायची, तोवर दुसरा निघून गेलेला. उत्तर नाही म्हणजे नकार असं धरलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी हे फळ्यावर मांडून दाखवलं आणि तिथल्या पोरांनी, सगळी पंचविशी-तिशीतली, संध्याकाळी त्यांना सोडलं नाही, हे तुम्हाला कसं सुचलं, अजून कुठे कुठे असं होऊ शकतं, रात्रीची शेवटची एसटी चुकली. एनर्जीचा प्रश्न तिथे कुणाला पडला नाही.

तिथे कॉन्ट्रॅक्ट मिळालं. महिन्याला १ लाख ६० हजार, आठवड्यात एक दिवस पुणे, बाकी साताऱ्यातून. वर्षाचे २० लाखाच्या आत राहतात म्हणून जीएसटी नोंदणीची भानगड नाही, पण पीएफ नाही, भरपगारी सुट्टी नाही, मेडिक्लेम नाही, आणि पंधरा दिवसांच्या नोटिशीवर बंद करता येतं. कायम का नाही असं विचारल्यावर त्यांच्या एचआरने सांगितलं की या पगाराच्या ग्रेडला आठ ते बारा वर्षांचा अनुभव बसतो, पंचवीस वर्षांच्या अनुभवाचा माणूस त्या ग्रेडमध्ये सिस्टीमच घेत नाही. म्हणजे ज्याने त्यांचं नऊ महिन्यांचं दुखणं दोन दिवसांत काढलं तो माणूस त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये रकान्यात बसत नाही म्हणून बाहेर.

मी माझ्या ऑफिसमध्ये एवढं केलंय की माझ्याकडे येणाऱ्या मागण्यांत कमाल अनुभव टाकायचा बंद केला, आणि पगाराचा अंदाज बांधण्याऐवजी फोन करून विचारायला लागलो की आमचं बजेट अमुक आहे, जमेल का. बरेच जण नाही म्हणतात, साहजिक आहे. पण हो म्हणणारे वाटलं होतं त्यापेक्षा जास्त निघाले, विशेषतः सातारा, कराड, सांगली, कोल्हापूरकडचे, ज्यांचं घर गावाकडे आहे आणि ज्यांना पुण्याचं भाडं काढायचं नाहीये. त्यातले काही घेतले पण गेले. एक मॅनेजर मात्र ऐकतच नाही, क्लायंटच्या रेट कार्डवर "सहा ते दहा" छापलंय, मी काय करू म्हणतो. मी त्याला म्हटलं, तो रेट आहे, त्या रेटला वीस वर्षांच्या अनुभवाचा माणूस दिला तर क्लायंट तक्रार करेल का? क्लायंटला विचारून सांगतो म्हणाला. अजून विचारलेलं नाही, मी दर सोमवारी आठवण करतोय.

तुम्ही भरतीत असाल तर आजच तुमच्या चालू जागांचा कमाल अनुभवाचा रकाना उघडून बघा आणि तो आकडा कुणी, कशावरून टाकला हे विचारा. बहुतेक वेळा मागच्या वर्षीच्या जाहिरातीतून कॉपी केलेला असतो. तुम्ही चाळिशीपुढचे असाल आणि अचानक "कनेक्ट" नावाची मीटिंग लागली तर त्या दिवशी कशावरही सही करू नका, राजीनाम्याचं बटण दाबू नका, मेलवर लेखी मागा, एक रात्र मागा आणि एखाद्या कामगार कायद्याच्या वकिलाला फोन करा. आई-वडिलांचं मेडिक्लेम ग्रुप पॉलिसीत असेल तर नोकरी आहे तोवरच वेगळं काढून ठेवा, कारण थांबायचा काळ तेव्हापासून मोजला जातो.

दाजींचं कॉन्ट्रॅक्ट मार्चला संपतंय. नूतनीकरणाच्या बोलण्यात त्यांनी तीन गोष्टी मागितल्यात, नोटीस पंधराच्या ऐवजी तीस दिवस, ग्रुप मेडिक्लेममध्ये नाव, आणि ग्रेडची अट बाजूला ठेवून कायम करता येईल का याचं लेखी उत्तर. नोटिशीचं मान्य झालंय. मेडिक्लेमचं विमा कंपनीकडे विचारलंय म्हणाले. तिसऱ्याचं उत्तर यायचंय.